इल्म आणि अमल जोडणारा कारागीर: बदीउज्जमान अल-जझरी

सध्या जिकडे तिकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची चर्चा आहे. मोबाईल आपल्याशी बोलतो, नकाशा रस्ता सांगतो, बँकेचा संगणक माणसाशिवाय तक्रार ऐकून घेतो. आमच्या वर्गातली मुले आम्हाला विचारतात, सर, हे मशीन खरेच विचार करते का? पालक विचारतात, आमच्या मुलांच्या नोकऱ्या राहतील का? आणि काही जण अभिमानाने सांगतात की हे सगळे तर आपल्या पूर्वजांनी आठशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवले होते.

या तिन्ही प्रश्नांकडे नीट बघायचे असेल तर एका माणसाची ओळख करून घेणे उपयोगाचे आहे. त्यांचे नाव बदीउज्जमान अबुल इज्ज इस्माईल इब्न अर-रज्जाज अल-जझरी. बदीउज्जमान म्हणजे आपल्या काळातला अजब, अद्वितीय माणूस. ही पदवी त्यांना मिळाली ती तलवार गाजवून नाही, शायरी करूनही नाही. लोखंड, तांबे, लाकूड आणि पाणी यांच्यावर काम करून मिळाली.

आधी एजंट म्हणजे काय ते बघू

एआयच्या पुस्तकात एक शब्द वारंवार येतो, इंटेलिजंट एजंट. एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा किंवा तिकिटाचा एजंट आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे. जी वस्तू आजूबाजूची परिस्थिती ओळखते, त्यावरून काय करायचे ते ठरवते आणि तसे करते, ती एजंट. ओळखण्यासाठी तिला काहीतरी डोळा-कान लागतो, करण्यासाठी हात-पाय लागतात आणि मध्ये एक नियम लागतो.

याचे सर्वांत साधे उदाहरण आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असते. टाकी भरत आली की आतला प्लॅस्टिकचा गोळा वर तरंगत येतो आणि पाण्याची वाट बंद करतो. पाणी वापरले की गोळा खाली जातो, वाट उघडते. कोणी उभे राहून लक्ष ठेवायची गरज नाही. गोळ्याला पाण्याची पातळी कळते, नियम ठरलेला आहे, आणि झडप हे त्याचे हात. याला कोणी बुद्धी म्हणणार नाही, पण ओळखणे, ठरवणे, करणे ही साखळी तिथे पूर्ण आहे. आजच्या चालकाविना चालणाऱ्या गाडीतही हीच साखळी असते, फक्त फार मोठी आणि फार गुंतागुंतीची. अल-जझरी यांनी या साखळीचा जितका खोल आणि जितका तपशीलवार अभ्यास केला, तितका त्यांच्या काळात क्वचितच कोणी केला असेल.

कुठले, कोणत्या काळातले

दजला आणि फुरात या दोन नद्यांच्या वरच्या भागातल्या मुलखाला अरबीत अल-जझीरा म्हणत. आज हा भाग तुर्कस्तान, सीरिया आणि इराक यांच्यात विभागला आहे. त्यावरून ते जझरी. रज्जाज म्हणजे तांदळाचा व्यापारी, तेव्हा घराण्यात तो धंदा असावा असे नावावरून वाटते. बालपण, शिक्षण, उस्ताद यांच्याबद्दल इतिहासाने काही नोंद ठेवलेली नाही. जे कळते ते त्यांच्या स्वतःच्या किताबातून.

ते आमिदच्या, म्हणजे आजच्या दियारबकर शहराच्या अर्तुकी घराण्याच्या चाकरीत होते. काळ सुलतान सलाहुद्दीन अय्युबी यांचा. 1183 मध्ये सलाहुद्दीन यांनी आमिद जिंकून अर्तुकी राजा नूरुद्दीन मुहम्मद यांच्या हवाली केले. अल-जझरी यांनी आधी या नूरुद्दीन यांची, मग त्यांचा मुलगा कुतबुद्दीन सुकमान आणि त्यानंतर दुसरा मुलगा नासिरुद्दीन महमूद यांची सेवा केली. एकूण सुमारे पंचवीस वर्षे. हुद्दा होता रईसुल आमाल, म्हणजे सगळ्या कामांचा प्रमुख. आजच्या भाषेत चीफ इंजिनिअर म्हणा.

बाहेर लढाया चालू होत्या, राज्ये उलटसुलट होत होती. आणि हा माणूस कारखान्यात बसून झडप नीट बसते का, पाणी गळते का, हे तपासत होता.

वारसा घेतला, पण तपासून घेतला

अल-जझरी शून्यातून उभे राहिले नाहीत. त्यांच्या साडेतीनशे वर्षे आधी बगदादमध्ये बनू मूसा नावाच्या तीन भावांनी स्वयंचलित यंत्रांवर किताब लिहिली होती. त्याच्याही आधी ग्रीकांचे काम होते. आर्किमिडीजच्या नावावर चालत आलेला जलघड्याळावरचा एक ग्रंथ अरबीत होता. अल-जझरी यांनी हे सारे वाचले आणि कोणाकडून काय घेतले ते साफ लिहूनही ठेवले. आधीच्यांचे ऋण मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मात्र त्यांनी एक कडक नियम पाळला. पुस्तकात लिहिले आहे म्हणून ते खरे मानले नाही. त्यांच्या लक्षात आले होते की जुन्या लोकांनी बऱ्याच गोष्टी नुसत्या कागदावर मांडल्या, करून बघितल्या नाहीत. आणि जो हुन्नर करून बघितला नाही तो खरा की खोटा हे अधांतरीच राहते, असे त्यांचे मत होते.

याचा एक किस्सा त्यांच्या मोठ्या घड्याळाचा आहे. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा समान तास धरत. त्यामुळे उन्हाळ्यातला तास लांब, हिवाळ्यातला आखूड. म्हणजे जलघड्याळात रोज पाणी थोड्या वेगळ्या वेगाने गळले पाहिजे. त्यासाठी जुन्या लोकांनी अर्ध्या गोलाची खुणा केलेली एक चकती सांगितली होती. अल-जझरी यांनी ती हुबेहूब बनवली. तास जुळेनात. मग त्यांनी ती बाजूला ठेवली, स्वतः पाणी मोजून मोजून बघितले आणि पूर्ण गोलाची नवी चकती तयार केली. तिच्यावरच्या खुणा प्रयोगाने ठरवलेल्या होत्या. मोठ्या नावाचा आदर ठेवून त्याची चूक दुरुस्त करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

हत्तीवरचे घड्याळ

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे हत्तीचे घड्याळ. हत्तीच्या पाठीवर अंबारी, पुढे माहूत, मध्ये हातात कलम घेतलेला कातिब, दोन मोठे नाग आणि सगळ्यात वर एक पक्षी. हत्ती हिंदुस्थानचा, नाग चिनी धाटणीचे, पाण्याची युक्ती ग्रीकांची. सगळ्या जगाचे शहाणपण एकाच घड्याळात बसवले होते.

हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी. तिच्यात बुडाला बारीक छिद्र असलेले एक भांडे तरंगत असे. छिद्रातून पाणी हळूहळू आत येई आणि बरोबर अर्ध्या तासाने भांडे बुडे. आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. महाराष्ट्रात पूर्वी हिंदू लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळातल्या पाण्यात घटिकापात्र सोडत, तेच हे तत्त्व. छिद्राच्या वाटीची ही युक्ती हिंदुस्थानातून तिकडे गेली असे अभ्यासक मानतात.

आता पुढे बघा. भांडे बुडताना दोरी ओढली जाई. त्यामुळे वरून धातूचा एक गोळा सुटे, पक्षी गोल फिरे. गोळा ससाण्याच्या चोचीतून नागाच्या तोंडात पडे. गोळ्याच्या वजनाने नाग खाली झुके आणि झुकताना साखळीने बुडालेले भांडे पुन्हा वर काढून रिकामे करी. गोळा खालच्या भांड्यात पडून झांज वाजे, माहूत हत्तीला टोला मारी, नाग पुन्हा वर जाई आणि भांडे नव्याने भरू लागे. कातिबाचे कलम मधली मिनिटे दाखवत राही.

यात खरी हुशारी वाजण्यात किंवा नाचण्यात नाही. आपले एक काम संपले की त्याच कामाच्या जोरावर यंत्र स्वतःला पुढच्या कामासाठी तयार करते, ही खरी हुशारी आहे. वरचे गोळे संपेपर्यंत माणसाने हात लावायचा नाही.

वुजूचे पाणी ओतणारा नोकर

दुसरा किस्सा आम्हाला विशेष आवडतो. राजाला वुजू करताना दुसऱ्या माणसाने हातावर पाणी ओतावे हे आवडत नसे. त्यांनी अल-जझरी यांना यावर काहीतरी उपाय करायला सांगितला. अल-जझरी यांनी एक पुतळा केला, ज्याच्या एका हातातल्या सुरईतून पाणी पडे आणि पाणी संपत आले की दुसरा हात आपोआप पुढे येऊन पुसायचे कापड देई.

याच जातीचे मोराचे एक यंत्र होते. मोराच्या चोचीतून हातावर पाणी येई. वापरलेले पाणी खालच्या टाकीत जमे. ते ठराविक पातळीला आले की तरंगता गोळा वर येऊन एक दार उघडी आणि हात धुण्याची भुकटी घेऊन एक छोटा पुतळा बाहेर येई. पाणी आणखी चढले की दुसरे दार उघडून दुसरा पुतळा टॉवेल घेऊन येई.

आता आपली सुरुवातीची साखळी आठवा. माणसाने किती पाणी वापरले हे यंत्राला कसे कळले? टाकीतल्या पातळीवरून. काय करायचे ते कोणी ठरवले? तरंगत्या गोळ्याच्या उंचीने. करणारा कोण? पुतळा. आजच्या मॉलमध्ये नळाखाली हात धरला की पाणी येते, तेही याच घराण्यातले.

राजदरबारच्या मैफलींसाठीही त्यांनी बरीच यंत्रे केली. त्यातले एक म्हणजे तळ्यात तरंगणारी नाव, तिच्यात चार वादक पुतळे. आतल्या फिरत्या दांड्यावर खुंट्या बसवलेल्या, खुंटी तरफेला लागली की पुतळ्याचा हात वाजे. खुंट्यांच्या जागा बदलल्या तर ताल बदलता येईल, म्हणून काही संशोधक या यंत्राला प्रोग्रॅम बदलता येणाऱ्या यंत्रांचा पूर्वज मानतात.

खेळणी आणि गरज

कोणी म्हणेल, हे सगळे राजेलोकांचे खेळ. काही अंशी खरे आहे. पण त्याच किताबात जखमेची शुश्रूषा आणि शेताचे पाणीही आहे. त्या काळी हकीम अनेक आजारांवर शरीरातून रक्त काढत. किती काढले याचा अंदाज चुकला तर रोग्याच्या जिवावर बेतायचे. अल-जझरी यांनी अशी तबके केली की जमा झालेल्या रक्ताचे माप पुतळ्याचे कलम आकड्यावर दाखवी.

पाणी उपसण्याची त्यांनी पाच यंत्रे दिली. त्यातल्या पाचव्यात पाणचक्कीच्या जोरावर दोन दट्टे आलटून पालटून चालत. एक पाणी ओढून घेई तेव्हा दुसरा वर ढकली. चाकाची गोल फिरणारी गती पुढे-मागे जाणाऱ्या गतीत बदलायची, हे त्यातले मर्म. आपल्या शेतातल्या आणि गॅरेजमधल्या कितीतरी यंत्रांत आजही हीच गोष्ट चालते. याशिवाय अक्षरे जुळल्याशिवाय न उघडणारे पेटीचे कुलूप आणि महालासाठी ओतीव धातूचा नक्षीदार दरवाजाही त्यांनी केला.

आधी हात, मग कागद

राजा नासिरुद्दीन महमूद यांनी ही यंत्रे बघितली आणि अल-जझरी यांना सांगितले की हे सगळे लिहून ठेवा, नाहीतर तुमच्याबरोबर नाहीसे होईल. 1206 मध्ये किताब पूर्ण झाली. सहा भाग, पन्नास यंत्रे, प्रत्येकाची रंगीत आकृती, आकृतीतल्या प्रत्येक भागाला अक्षर आणि त्या अक्षराचा मजकुरात खुलासा. दुसऱ्या कारागिराला ते यंत्र पुन्हा बनवता यावे, हा हेतू.

त्यांच्या वर्कशॉपच्या सवयी या किताबातून दिसतात. ते आधी कागदाचे नमुने करत. लाकूड पिळवटू नये म्हणून पातळ फळ्या एकावर एक चिकटवत. चाक सगळीकडून समतोल आहे का ते तपासत. झडप आणि तिची बैठक कुरुंदाच्या पुडीने एकमेकांवर घासून पाणी गळायचे थांबेपर्यंत बसवत. हे कोण करतो? ज्याचे हात काळे झालेत तोच.

आणि किताबाचे नाव? त्याचा मराठीत अर्थ साधारण असा होईल: यंत्रांच्या कलेतले इल्म आणि उपयोगी अमल यांचा मिलाफ. इल्म आणि अमल हे दोन शब्द आपल्या घरात रोज ऐकू येतात. जुम्याच्या बयानातही येतात. अल-जझरी यांनी ते दोन शब्द झडपेला आणि चाकाला लावले.

किताब पूर्ण झाल्यावर लवकरच त्यांचा इंतकाल झाला असे मानले जाते. हस्तलिखिताच्या नकला होत राहिल्या. इस्तंबूलच्या तोपकापीत त्यांतली सर्वांत जुनी आहे. 1315 सालच्या एका प्रतीतले हत्तीच्या घड्याळाचे पान आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे. पुढे 1974 मध्ये डोनाल्ड हिल या ब्रिटिश इंजिनिअरने किताबाचा पूर्ण इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. 1976 मध्ये लंडनच्या इस्लामी जगताच्या महोत्सवात त्यांचे मोठे घड्याळ किताबातल्या वर्णनावरून पुन्हा उभारले गेले, आणि ते चालले. पावणेआठशे वर्षांनी कागदावरून यंत्र उभे राहते, यापेक्षा चांगली परीक्षा कोणत्या लेखनाची असेल?

मग एआय आपलेच का?

आता त्या अभिमानाच्या गोष्टीकडे येऊ. अल-जझरी यांनी एआय शोधली असे म्हणणे बरोबर नाही. त्यांच्या मोराला जे काम लावून दिले तेवढेच तो करी. हजार वेळा हात धुतले तरी त्याला काही नवे समजणार नव्हते. आजची एआय हजारो, लाखो उदाहरणे बघून आपले नियम स्वतः घडवते. यंत्र विचार करू शकेल का हा प्रश्न ॲलन ट्युरिंग यांनी 1950 मध्ये नीट मांडला आणि 1956 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या परिषदेपासून कृत्रिम बुद्धिमत्ता या नावाने नवा विषय सुरू झाला. त्या मागे गणित, वीज, संगणक आणि अनेक देशांतल्या लोकांची मेहनत आहे. तिच्यात ख्वारिज्मी यांचेही योगदान आहे. त्यांच्या नावावरूनच अल्गोरिदम हा शब्द आला. म्हणजे आपला वाटा आहे, पण मालकी नाही. अल-जझरी यांनीही आपल्या कामावर एकट्याची मालकी सांगितली नव्हती.

आणि मुलांच्या त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही इथेच सापडते. हत्तीचे घड्याळ बघणाऱ्याला वाटे की माहूत जिवंत आहे. आत डोकावले की पाणी, दोरी आणि गोळा. आजच्या एआयच्या आत डोकावले तर आकडे आणि गणित. ते फार ताकदवान गणित आहे, पण त्याला नियत नाही, जबाबदारी नाही. ती बनवणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची राहते. म्हणून मोबाईलने सांगितले ते सगळे खरे, असे मानू नये. अल-जझरी यांच्यासारखे करून आणि तपासून बघावे.

नोकऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो आपल्या मोहल्ल्यात जास्त टोचतो. आमच्या शाळेतली कितीतरी मुले दहावीनंतर गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, एसी-फ्रिज दुरुस्तीला जातात. त्यांच्या हातात अमल असतो. त्यांना पंप उघडून दोष सापडतो, पण त्या पंपाचे गणित कोणी शिकवलेले नसते. दुसऱ्या बाजूला मार्कांसाठी रात्रंदिवस पाठांतर करणारी मुले आहेत. त्यांच्याकडे इल्म आहे, पण त्यांनी कधी स्क्रू फिरवलेला नाही. पहिल्याला आपण घरात कमी लेखतो, दुसऱ्याचे कौतुक करतो. दोघांचेही नुकसान होते. येणाऱ्या काळात यंत्रे चालवणारा, सुधारणारा आणि त्यांना प्रश्न विचारणारा माणूस लागणार आहे. तो या दोघांच्या मधून तयार व्हायला हवा.

यासाठी फार पैसा लागत नाही. मुलांनो, घरातला बिघडलेला पंखा किंवा मिक्सर अब्बांच्या समोर, प्लग काढून, उघडून बघा आणि आत काय आहे त्याची वहीत आकृती काढा. प्रत्येक भागाला अक्षर द्या. छिद्र पाडलेली वाटी बादलीत सोडून ती किती वेळात बुडते ते मोजा, छिद्र थोडे मोठे करून पुन्हा मोजा. अम्मी-अब्बांनी गॅरेजमध्ये जाणाऱ्या मुलाला आयटीआय किंवा डिप्लोमाची वाट दाखवावी, शाळा सुटली म्हणून शिक्षण सुटले असे समजू नये. मस्जिदीजवळच्या वाचनालयात, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात एक कोपरा मुलांनी बनवलेल्या यंत्रांना द्यावा. आणि मोहल्ल्यातल्या उस्ताद मेकॅनिकला वर्षातून एकदा तरी वर्गात बोलवावे, खुर्चीवर बसवावे आणि मुलांना त्यांच्याकडून शिकू द्यावे. आमिदच्या राजाने आपल्या कारागिराला एवढा मान दिला म्हणून तर ही किताब आपल्यापर्यंत पोहोचली.